छपराचे पैसे वेगळे

गाडी घेण्याचे आमच्या घरातले नियम बाबांनी सांगलीत घालून दिलेले आहेत. आधीचा मालक एकच असावा, तो डॉक्टर किंवा बँकेतला असावा, गाडी शेडमध्ये उभी राहिलेली असावी आणि डिकीत लग्नाला निघालेल्या चौघांचं सामान मावावं. या नियमांनी घरात आधी फियाट आली, मग मारुती आली, आणि दोन्ही विकताना बाबांनी घेतल्या किमतीच्या फारसं खाली येऊ दिलं नाही.

मी इंग्लंडात, वॅटफर्डला राहून, पन्नाशीच्या तोंडावर जी गाडी घेतली तिला डिकी नाही. दारं नाहीत. रेडिओ, एसी, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग, एबीएस यांतलं काही नाही. छप्पर आहे, पण ते टिचबटणांनी लावायचं कापड आहे, आणि जाहिरातीत ‘छपरासहित’ हे शब्द ‘समुद्र दिसणारा फ्लॅट’ म्हणावं तसे ठळक छापले होते. खालच्या ओळीत ‘हीटर आहे’ असंही होतं. एवढं सगळं नसण्यासाठी मी जे पैसे मोजले त्यात सगळं असलेली जपानी गाडी दारात आली असती, असं बायको म्हणते. तिचा हिशेब बरोबर आहे. हिशेबात ती कधी चुकत नाही, हीच या लेखातली खरी अडचण आहे.

गाडीचं नाव केटरहॅम सेव्हन. मूळची ती लोटस सेव्हन, १९५७ सालची, कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरची. चॅपमनचं शिक्षण स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं आणि वृत्ती सदाशिव पेठी. जी वस्तू काढून टाकली तरी गाडी चालते, ती वस्तू मुळात नकोच होती, असं त्याचं गणित. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा, पुढे इंजिन, मागे दोन माणसं, संपलं. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, पण सुटे भाग घेऊन घरी जोडणाऱ्याला तो लागत नसे. त्यामुळे लोक खोकी घरी नेत आणि गॅरेजमध्ये गाडी बांधत. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर ती तयार गाडी ठरेल, असा सरकारी नियम होता म्हणे. चॅपमनने मग गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या, ज्या गिऱ्हाइकाने शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या. ही गोष्ट इंग्लंडात इतक्या जणांनी इतक्या आनंदाने सांगितली आहे की ती खरी असो वा नसो, कर चुकवण्याच्या या सात्त्विक पद्धतीबद्दल मला या देशाविषयी प्रथमच आपलेपणा वाटला.

१९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी चॅपमनने सेव्हनचे हक्क ग्रॅहम नर्न यांना विकले. ते सरे परगण्यातल्या केटरहॅम गावी सेव्हन विकायचे. म्हणून गाडीला गावाचं नाव. तेव्हापासून ती बनतेच आहे, आणि दिसायला फार काही बदललेली नाही. बदल झाला तो भावात. चॅपमनने वस्तू काढल्या त्या पैसे वाचावेत म्हणून. आता वस्तू काढायचे पैसे पडतात. कार्बन फायबरचं मडगार्ड घेतलं की काही शे ग्रॅम वाचतात आणि काही शे पौंड जातात. समोरची काच काढून तिथे वीतभराचा पारदर्शक पडदा लावला की डोळ्यात चिलटं जातात, पण वजन उतरतं. मी हे सगळं जेवताना समजावून सांगत होतो. बायकोने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू दहा किलो कमी कर. फुकटात होईल.” त्या आठवड्यापासून आमच्याकडे श्रीखंड बंद आहे.

घरातली मंजुरी सोपी नव्हती. माझी पहिली निवड होती सेव्हन १६०, म्हणजे २०१३ मध्ये आलेलं छोटं मॉडेल. वजन ४९० किलो, इंजिन सुझुकीचं, ६६० सीसी, तीन सिलिंडर, टर्बो. ‘सुझुकी’ आणि ‘तीन सिलिंडर’ हे शब्द मी आश्वासक म्हणून वापरले होते. उलटंच झालं. “मारुती आठशेलाही सुझुकीचंच होतं ना? तीन सिलिंडरच?” होतं. “आणि ते कितीचं?” ७९६ सीसी. “म्हणजे आपण साता समुद्रापलीकडे येऊन मारुतीपेक्षा लहान, बिनछपराची मारुती घेणार.” यावर टर्बो हा युक्तिवाद टिकत नाही. मी मोठ्या इंजिनाकडे वळलो.

धाकट्या भावाने पुण्याहून फोनवर वेगळंच ऐकवलं. “एवढ्यासाठी इंग्लंड कशाला? असली गाडी अलिबागला बनायची.” मला तो टोमणा वाटला आणि मी काही अलिबागहून आलेलो नाही, असं त्याला सांगणारही होतो. पण ते खरं निघालं. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीवर फायबरग्लासची रोडस्टर बनवली होती, आणि तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन होतं, जे अ‍ॅम्बॅसेडरमध्येही बसायचं. रायगड जिल्ह्यात, मांडव्याच्या वाटेवर, अ‍ॅम्बॅसेडरच्या हृदयाची सेव्हन! चॅपमनला ही काटकसर निश्चित आवडली असती.

शेवटी मंजुरी मिळाली ती एकाच मुद्द्यावर, आणि तो बाबांचा होता. सेव्हनची किंमत सहसा उतरत नाही. साधी गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच उतरणीला लागते, ही मात्र नीट ठेवली तर बरीच वर्षं भाव धरून राहते. हे मी तक्ता करून दाखवलं. तक्त्याखाली मी ‘गुंतवणूक’ असं लिहिलं होतं. बायकोने तो शब्द पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, पण तक्ता फाडला नाही.

गाडी बघायला सरेमधल्या एका खेड्यात गेलो. सोबत कोल्हापूरचा मित्र होता. तो शिवाजी उद्यमनगरात वाढलेला आहे आणि ओतीव भाग नुसता वाजवून त्याची कुंडली सांगतो. विकणारे गृहस्थ निवृत्त, उंच, स्वेटरच्या कोपरांना कातड्याची ठिगळं. गाडी त्यांनी मुलाबरोबर स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेली. टेबलावर जाडजूड फाइल होती, प्रत्येक पावतीला भोक पाडून तारखेनुसार लावलेली. उरलेले नटबोल्ट सँडविचच्या पिशव्यांमध्ये होते आणि प्रत्येक पिशवीवर पेन्सिलीने लिहिलेलं: ‘मागचा डावा हब, एक जादा’. ‘स्टिअरिंग कॉलम, दोन, वापरू नका’. वापरायचे नाहीत ते जपून का ठेवले, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

प्रश्न मी विचारीन अशी माझी समजूत होती. प्रश्न त्यांनीच विचारले. गाडी रात्री कुठे राहील? गॅरेज कोरडं आहे का? पावसात नेणार का? मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहून विचारलं, “बूट किती नंबरचा?” नऊ. त्यांचा चेहरा पडला. सेव्हनच्या पायखोलीत क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर इतके दाटीवाटीने बसलेले असतात की रुंद बुटाने ब्रेक दाबला तर अ‍ॅक्सिलरेटरही मान डोलावतो. मी बूट काढून मोज्यांवर बसून दाखवलं, तेव्हा त्यांनी चहा टाकला.

बसणं हाही एक प्रकार आहे. स्टिअरिंग उपसून काढायचं, मागची रोलबार एका हाताने धरायची, सीटवर उभं राहायचं आणि बोगद्यात शिरल्यासारखे पाय पुढे सोडत खाली घसरायचं. आत गेल्यावर स्टिअरिंग पुन्हा खोचायचं. बाहेर येताना बाजूने जाणारा सायलेन्सर पोटरीला लागू द्यायचा नाही. जुन्या सेव्हनवाल्यांच्या पोटरीवर डाग असतो आणि तो ते दाखवतातही.

मित्र गाडीखाली गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. नळ्यांवरच्या पावडर कोटिंगला जिथे फुगे येतात तिथे आत गंज असतो. नाकाजवळच्या पत्र्याला सुरकुती असेल तर गाडी कुठे तरी कुणाला तरी भेटून आलेली असते. इंजिन रोव्हरचं के सिरीज, १.६ लिटर, ११५ हॉर्सपॉवर. त्यात हेडपासून तळापर्यंतचे मजले लांबच लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात, आणि हेड गॅस्केटबद्दल या इंजिनाची ख्याती चांगली नाही. तेलाचं झाकण उघडून त्याखाली पांढुरका चिकटा नाही ना, हे बघायचं. तो नव्हता. टायर अगदी नव्यासारखे होते. मित्राने टॉर्च मारून बाजूचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, आणि आतूनच ओरडला, “भावा, टायर अकरा वर्षांचं हाय!” सेव्हन वर्षाला इतकी कमी चालते की टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी व्हावेत, एवढं मात्र आमच्या पदरात पडलं. त्यापलीकडे मित्राने ‘शेवटचं सांगा’ हे सूत्र इंग्रजीत वापरून पाहिलं. गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की शेवटचंच सांगितलं आहे, आणि बोल्टांच्या सगळ्या पिशव्या मला भेट दिल्या. वापरू नका त्याही.

घरी येताना एक शोध लागला. सेव्हनचा इंडिकेटर हा डॅशबोर्डवरचा साधा खटका असतो, वळण झालं की आपोआप बंद होत नाही. त्यामुळे मी अर्धा हर्टफर्डशर परगणा पार करेपर्यंत उजवीकडे वळणार असल्याचं सर्वांना कळवत होतो. ट्रकच्या चाकांचे नट माझ्या डोक्याच्या पातळीवर फिरत होते. सिग्नलला एका शाळकरी मुलाने आईला विचारलं, “हे काका पुरी गाडी कधी घेणार?” असं त्याने विचारलं असावं, इंजिनाच्या आवाजात मला तरी तसंच ऐकू आलं.

आता ट्रॅक. गाडी घेण्याचं निमित्त तेच होतं. केंटमधलं ब्रँड्स हॅच, जिथे १९६४ ते १९८६ या काळात एक वर्षाआड ब्रिटिश ग्रां प्री व्हायची, तिथे आज पैसे भरले की कुणालाही गाडी फिरवता येते. सकाळी आधी आवाजाची परीक्षा. सायलेन्सरपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशाच्या कोनात एक माणूस यंत्र धरतो आणि इंजिन तीनचतुर्थांश कमाल आरपीएमवर न्यायला सांगतो. माझ्या आधीची एक लाल, महागडी गाडी या परीक्षेत नापास झाली आणि मालकासह परत गेली. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते इथे लिहीत नाही.

नंतर वर्ग भरतो. पुढे जायचं ते एकाच बाजूने आणि पुढच्याने वाट दिली तरच. घड्याळ लावायचं नाही, कारण वेळ मोजली की शर्यत झाली आणि शर्यत झाली की विमा गेला. हाताला पूर्ण बाह्या हव्यात. सगळे मान डोलावतात आणि बाहेर येताच एकमेकांना टायरचा दाब विचारू लागतात.

ब्रँड्स हॅचचं पहिलं वळण पॅडॉक हिल. नकाशात ते साधं उजवं वळण आहे. नकाशात जे नाही ते असं, की ऐन वळणात जमीन खाली पडते. समोर काही दिसत नाही, पोट एका मजल्यावर राहतं आणि आपण खालच्या मजल्यावर पोचलेले असतो. साडेपाचशे किलोच्या घरातली गाडी, ढुंगण रस्त्यापासून चार बोटं, आणि स्टिअरिंग इतकं खरं बोलणारं की पुढच्या उजव्या टायरने कुठली खडी तुडवली हेही ते सांगतं. लगेच चढ, मग ड्रुइड्सचं यू टर्नसारखं वळण. तिथे मी एका जर्मन गाडीच्या इतका जवळ गेलो की तिच्या नंबरप्लेटवरचे स्क्रू मोजले. सरळ रस्ता आला की ती निघून जायची, कारण सेव्हनचा आकार वाऱ्याला पाठ नाही, छाती दाखवतो. वळण आलं की पुन्हा मी तिच्या मागे हजर. दुपारपर्यंत हेच. गाडीतून उतरल्यावर तो चालक, माझ्याच वयाचा, जवळ आला आणि विचारलं, “हॉर्सपॉवर किती?” ११५ म्हटल्यावर त्याने सेव्हनभोवती एक फेरी मारली आणि मग आपल्या गाडीकडे जरा रागाने पाहिलं.

परतताना पाऊस आला. छप्पर लावायला बसलो. थंडीत ते कापड आखडतं आणि बटणं आपल्या जोडीदारापासून दोन बोटं अलीकडे थांबतात. समोरची बाजू बसवली की मागची सुटते, मागची बसवली की समोरची. शेवटी मी तसाच निघालो. डार्टफर्डच्या बोगद्यात छपराची गरज लागत नाही, पण डिझेलचा धूर मात्र हवा तेवढा मिळतो. घरी पोचलो तेव्हा बायकोने दार उघडून आधी टॉवेल दिला आणि मग विचारलं, “छपराचे पैसे वेगळे दिले होते ना आपण?”

परवा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. आमच्यासारखीच सेव्हन, त्याच सुमाराची, तेच इंजिन, विकायला होती. भाव आम्ही दिला त्याच्या बराच वर.

“तू म्हणालास तसंच झालं,” ती म्हणाली. “तक्ता बरोबर होता. विकून टाकू.”

“थोडं थांबू,” मी म्हणालो. “अजून चढेल.”

“आणि चढला तर विकशील?”

“एवढी चढणारी वस्तू विकायची कशाला?”