परत घेता का?

रविवारी दुपारच्या गाडीनं पिल्लू पेणहून रोह्याला गेलं. शनिवारी सकाळी फोन आला. "काकू, मांजर शिंकतंय. डोळ्यांत चिपडं आलीत. परत घेता का?"

सहा दिवस झाले होते. कासू, नागोठणं, निडी मागं टाकत टोपलीतून गेलेलं ते पिल्लू बुधवारपर्यंत "आमची चिंगी" होतं. त्याचे फोटो येत होते. शनिवारी ते "तुमचं मांजर" झालं.

हा प्रश्न मी पेणमध्ये ऐकलाय, वडखळला ऐकलाय, रोह्याहून तर कितीदा ऐकलाय. शब्द तेच असतात आणि सूरही तोच, मिक्सर बिघडल्यावर दुकानदाराला विचारावं तसा. मला त्या सुराची चीड येते. आज सरळच लिहिते.

आधी त्या शिंकेबद्दल. मांजराची सर्दी म्हणून आपण जी सोडून देतो, ती बहुतेक वेळा दोन विषाणूंची करणी असते, हर्पिस आणि कॅलिसी. हर्पिस एकदा अंगात शिरला की बहुतेक मांजरांत जन्मभर मुक्काम करतो. एरवी गप्प पडून राहतो, ताण आला की उठतो. आणि घर बदलण्याइतका ताण मांजराच्या वाट्याला क्वचितच येतो. जागा गेली, वास गेले, भावंडं गेली. असा ताण बसला की साधारण आठवड्याभरात विषाणू पुन्हा बाहेर पडायला लागतो. रविवार ते शनिवार. ज्याला तुम्ही फसवणूक म्हणता, ते पिल्लाच्या शरीराचं वेळापत्रक आहे. देताना ते खरोखरच बरं दिसत होतं.

तरीही त्या शनिवारी मला उलट बोलता आलं नाही. कारण चूक माझीही होती.

हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यामागे, गोण्यांच्या ढिगात ही पिल्लं सापडली होती. चार होती. मांजरी सात घरं पिल्लं फिरवते म्हणतात. ही बिचारी एका घरातच संपली, रस्त्यावर. एक पिल्लू माझ्याकडे आल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं. त्याचे दोन्ही डोळे चिकटलेले होते. उरलेल्या तिघांना मी घरं शोधली आणि रोह्याच्या माणसांना सांगितलं, "एकदम ठणठणीत आहे." मेलेल्या भावंडाचा उल्लेख केला नाही. केला असता तर ते नको म्हणाले असते, ही भीती. पाऊस तोंडावर होता, घरात आधीच पाच होती, आणि माझ्या दृष्टीनं ते खोटं नव्हतंच, फक्त एक वाक्य कमी होतं.

त्या एका वाक्यावाचून समोरच्या घरानं तयारी केली नाही. वेगळी खोली ठेवली नाही, डॉक्टरांचा नंबर घेतला नाही, पिल्लाला थेट आपल्या म्हाताऱ्या मांजरीच्या ताटलीत जेवायला घातलं. मांजरं वाचवणाऱ्या सगळ्यांनाच मला हे सांगायचंय. दया आली म्हणून आजार झाकू नका. तुम्ही पिल्लू वाचवत नाही, त्याचं संकट पुढच्या घरात नेऊन ठेवता, आणि तिथं ते एकट्या पिल्लाचं राहत नाही.

तेव्हापासून माझ्याकडून मांजर चिठ्ठीशिवाय जात नाही. कुठं सापडलं, भावंडांचं काय झालं, जंताचं औषध कधी दिलं, लस कुठली झाली आणि कुठली राहिली, कुठली तपासणी केलेली नाही. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. "तपासलेलं नाही" म्हणजे "आजार नाही" असं वाचायची आपल्याला फार हौस आहे.

आता नेणाऱ्यांकडे वळते. सगळ्यांत जास्त मागणी येते ती अशी: "आमचं मांजर गेल्या आठवड्यात गेलं हो, मुलं रडतायत, दुसरं असलं तर द्या." मी विचारते, कशानं गेलं? उत्तर येतं, काही कळलंच नाही. खाणं सोडलं, पिवळी उलटी झाली, दोन-तीन दिवसांत संपलं. आणि त्याच घरात, त्याच गादीवर झोपायला, त्याच वाडग्यात खायला नवं पिल्लू हवंय म्हणतात.

थांबा. हे वर्णन पॅनल्यूकोपेनियाचं असू शकतं. मांजरांचा पार्वो म्हणा. हा विषाणू पांढऱ्या पेशी खाऊन टाकतो, आतड्याचं अस्तर उडवतो, आणि लस न झालेल्या पिल्लाला वाचवणं महाकठीण करून ठेवतो. मांजर गेलं तरी तो जात नाही. घरात, सांदीकोपऱ्यात, चटईत, टोपलीत तो वर्षभर तग धरू शकतो. फिनेलनं पुसून काढलं म्हणता? त्याच्यासाठी फिनेलवर भरवसा ठेवू नका. तो मरतो ब्लीचनं. आधी साबणानं घासून घ्यायचं, मग साध्या घरगुती लिक्विड ब्लीचच्या एका भागाला 32 भाग पाणी, दहा मिनिटं जागा ओली ठेवायची, मग स्वच्छ धुऊन वाळवायची. ज्याला ब्लीच लावता येत नाही ती गादी, ती गोणी, ते जुनं स्वेटर घरातून काढा. आणि पुढचं मांजर आणायचंच असेल तर लसीकरण पूर्ण झालेलं मोठं आणा. मुलं आठवडाभर रडली तर चालेल. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा रडण्यापेक्षा बरं.

फिनेलचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. फिनेल, आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होणारं जंतुनाशक, दोन्ही मांजराच्या घरात नकोत. माणसाचं यकृत ज्या वाटेनं त्यांतलं फिनॉल बाहेर काढतं, ती वाट मांजरात जवळजवळ बंद आहे. ओल्या लादीवरून चाललं, पंजे चाटले, विष पोटात. त्याच बंद वाटेमुळं पॅरासिटामॉल त्याला मारतं. 500 मिलिग्रॅमची एक गोळी धट्ट्याकट्ट्या बोक्यालाही पुरेशी आहे. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. मी हे बघितलंय. गोळी प्रेमानं दिली होती, दुधात कुस्करून, "अंग तापलंय बिचाऱ्याचं" म्हणून.

आणि तो दूधभात. ज्या घरात मासळी शिजत नाही तिथं मांजर वर्षानुवर्षं दूधभातावर ठेवतात. मांजराला टॉरिन लागतं, ते त्याचं शरीर पुरेसं तयार करत नाही, आणि भातात ते नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगून ढिलं पडतं. हृदयाचा हा संबंध 1987 साली कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवून दिला आणि जगभरच्या कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. आपल्याकडे ती बातमी अजून माजघरापर्यंत पोचलेली नाही. आपण खाऊ नका मासळी, पण मांजर पाळायचं तर त्याच्यापुरती उकडलेली मांदेली किंवा मांजराचं तयार खाणं घरात यायला हवं. ते जमणार नसेल तर मांजर नेऊ नका. मी वाईट मानणार नाही.

पेणच्या मासळी बाजारातला एक बोका आम्ही नसबंदीसाठी पकडला होता. मानेवर जुन्या मारामाऱ्यांचे व्रण, अर्धा कान गेलेला. रक्ताच्या थेंबावर टेस्ट केली, दहा मिनिटांत कळलं, एफआयव्ही. त्याला न्यायला तयार झालेल्या घरानं कुठंतरी "मांजरांचा एड्स" असं ऐकलं आणि म्हणाले, घरात लहान मूल आहे, इंजेक्शन देऊन झोपवूनच टाका. हा विषाणू 1986 पासून माहीत आहे. तो माणसाला होत नाही. मांजरातून मांजरात जातो तो मुख्यतः खोल चाव्यानं, म्हणजे मारामारीतून. नसबंदी झालेला, घरात राहणारा एफआयव्हीचा बोका वर्षानुवर्षं नीट जगू शकतो. दाताहिरड्यांकडे लक्ष ठेवायचं, जखम झाली तर वाट बघत बसायचं नाही, आणि भांडखोर मांजरांत सोडायचं नाही. लहान पिल्लाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावरून निवाडा करू नका. आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांमुळंही ती तशी येते. सहा महिन्यांचं झालं की पुन्हा करायची.

त्या बोक्याला शेवटी बाजारातल्याच एका कोळीणमावशीनं ठेवून घेतलं. मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे गो माझ्याकडं." तिच्या वखारीच्या मागच्या खोलीत तो आता राजासारखा झोपतो.

लहान मूल असलेल्या घरांनी खरी काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. गजकर्ण पिल्लाकडून मुलाच्या दंडावर येतं. दोघांवर उपचार केले की बरं होतं, वेळ लागतो. आणि अनोळखी मांजरानं चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीज मांजरांतही असतो. इथं भीती हवी, आणि नेमकी इथंच ती दिसत नाही.

एफआयपी या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचं नाव काढलं की आम्ही पूर्वी रडायचो. पोट फुगायचं, ताप उतरायचा नाही, पिल्लू जायचं. 2019 साली संशोधक निल्स पेडरसन यांच्या गटानं जीएस-441524 या औषधाचा प्रयोग 31 मांजरांवर छापला. 26 जणांनी बारा आठवड्यांचा उपचार पुरा केला, 25 पुढं दीर्घकाळ जगली. हे औषध म्हणजे रेमडेसिविरचं मूळ. तेच रेमडेसिविर, ज्याच्या एका कुपीसाठी 2021 च्या एप्रिलमध्ये आपण सगळे रात्री-अपरात्री फोन फिरवत होतो. म्हणजे एफआयपी म्हटलं की सगळं संपलं, असं आता नाही. फक्त तीन महिने रोज, न चुकता, औषध देणारं माणूस लागतं.

आणि डॉक्टर लागतो. आपल्या तालुक्यांतले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गुरांसाठी उभे राहिले: लाळ-खुरकूत, कृत्रिम रेतन, अडलेली गाय. तिथले डॉक्टर मांजर घेऊन गेलं तर तपासतात, मी त्यांच्या नावानं खडे फोडणार नाही. पण मांजराची रक्ततपासणी, सोनोग्राफी, रात्रीचं सलाईन यासाठी पनवेल नाहीतर थेट मुंबईतलं परळ. महामार्गावर अडकलेल्या गाडीत, मांडीवर कण्हणारं मांजर घेऊन कोण कोण बसलंय ते मला माहीत आहे. तालुक्याच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांसाठी आठवड्यातून एक ठरलेला दिवस आणि नसबंदीची सोय, एवढी मागणी जिल्हा परिषदेकडे करायला आपल्याला लाज का वाटावी? पेण-रोह्यात मांजर नाही असं आवार दाखवा.

परत करणाऱ्यांवर माझा राग आहे, पण निदान ते फोन करतात. बाकीचे गोणी काढतात. तोंड बांधायचं, गाडीवर ठेवायची, कुंडलिकेच्या पलीकडे नाहीतर धाटावच्या रस्त्याला मोकळी करायची. "तिकडं कंपन्यांचं कँटीन आहे, खाईल काहीतरी." प्राण्याला असं उपाशी मरायला टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. मी शून्य विसरलेले नाही. तेवढाच आहे. एका चहा-वडापावात एक जीव.

चिंगीला मी परत आणलं. उजवा डोळा वाचला नाही. व्रण खोल गेला होता, काढावा लागला. डावा चांगला आहे. थंडी पडली किंवा घरात पाहुणे फार झाले की तिला पुन्हा शिंका सुरू होतात, आठवडाभर डोळ्यात थेंब घालावे लागतात. हे असंच चालणार, जन्मभर.

गेल्या महिन्यात रोह्याहूनच एक निवृत्त शिक्षिका आल्या. मी चिंगीची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली, दोन पानं भरली होती. त्यांनी चष्मा लावला, सगळी वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी "परत" या शब्दाची वाट बघत उभी होते.

त्यांनी घडी घालून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "थेंब किती वाजता घालता तुम्ही?"