पायात सूप

माउंट विलर्डची उंची २,८६५ फूट, हे कळल्यावर मी गाडीतच हसलो. आमचा सिंहगड ४,३०० फूट. दर रविवारी त्यावर चढून पिठलं-भाकरी हाणणाऱ्या माणसाला या टेकाडासाठी बॉस्टनहून अडीच तास मोटारीत बसवायचं म्हणजे चिरंजीवांची कमालच. "बाबा, समुद्रसपाटीपासून काय मोजताय?" तो म्हणाला. बरं, पायथ्यापासून मोजू. सिंहगडाची चढण दोन हजार फूट, याची जेमतेम नऊशे. तो गप्प बसला. तो असा गप्प बसला की सावध व्हावं, हे मला एरवी कळतं.

न्यू हॅम्पशरमधल्या क्रॉफर्ड नॉच या खिंडीत १८९१ सालचं एक टुमदार रेल्वे स्टेशन आहे. डोंगराची वाट त्याच्या मागचे रूळ ओलांडून सुरू होते. रूळ ओलांडणे गुन्हा आहे, हे वाचण्यात जन्म गेलेला. मी दोन्हीकडे पाहून घेतलं. डिसेंबरचा पहिला आठवडा, उणे नऊ तापमान, आदल्या रात्री पडलेला गुडघाभर बर्फ. मुलाने डिकीतून भाड्याचे स्नोशू काढले.

"अगंबाई, ही तर सुपं!" सौ. म्हणाली.

खरंच सुपं. बुटाच्या दुप्पट लांब, वर पट्टे, खाली करवतीसारखे दात. वजन पसरतं म्हणून माणूस बुडत नाही, एवढंच शास्त्र. बूट चवड्यापाशी आवळायचा, टाच मोकळी. त्यामुळे पाय उचलला की सुपाचं शेपूट मागे लोंबतं. "पाय फाकवून चाला आणि उलटं अजिबात चालू नका, शेपूट रुततं," सूनबाईने माझे पट्टे आवळता आवळता बजावलं. तिसऱ्याच पावलाला माझं डावं सूप उजव्यावर पडलं आणि सुपांचा मालक दोन्हींवर. "मंगळागौरीला हातात घेऊन नाचले, आता पायात, एवढंच," म्हणत सौ. पुढे निघून गेली.

ओढा वरून गोठलेला, आतून खळखळत होता. तो ओलांडल्यावर मी बंड केलं. सुपं काढून पाठीला बांधली आणि मावळ्यासारखा निघालो. पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत आत. दुसरं मांडीपर्यंत. तेवढ्यात वरून एक सत्तरीच्या बाई सुपांवरून झपाझप उतरत आल्या. मागचे खड्डे पाहिले, मला पाहिलं, हसल्या, पण तोंडानेच. त्या गेल्यावर मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, याला पोस्टहोल म्हणतात. खांब पुरायला खणतात तसे खड्डे. रात्री ते गोठतात आणि उद्या कुणाचा तरी पाय मुरगळतो. इथे लोकांना फार राग येतो याचा."

मी पुण्याचा. रस्त्यातल्या खड्ड्याला कुणीतरी जबाबदार असतं, ही कल्पनाच मला नवी होती. मुकाट्याने पुन्हा सुपं चढवली.

पुढची वाट म्हणजे जुना घोडागाड्यांचा रस्ता, म्हणून सौम्य. अडीच किलोमीटरला पावणेदोन तास लागले. मग एकदम झाडी संपते आणि आपण कड्यावर. खाली हिमनदीने कोरलेली दरी, एखाद्या प्रचंड घंगाळासारखी. तळाशी दोऱ्याएवढा रस्ता. मुलाने समोरचा माउंट विली दाखवला. १८२६ साली तिथून दरड कोसळली. विली कुटुंब जीव वाचवायला घराबाहेर धावलं आणि सगळं गेलं; घर मात्र शाबूत राहिलं. ते ऐकून मी गंभीर झालो आणि कड्यापासून दोन पावलं मागे सरकलो.

मागे. सुपं घालून.

मला उठवल्यावर सौ.ने दशम्या काढल्या. थंडीने त्यांची कौलं झाली होती. तेवढ्यात एक करडा पक्षी थेट तिच्या हातावर उतरला, तुकडा घेऊन गेला आणि लगेच परत आला. हा कॅनडा जे. मिळेल ते लाळेने चिकटवून झाडाच्या सालीत हिवाळ्यासाठी ठेवतो, म्हणे. पाच खेपा केल्या त्याने. "बघा, खाणाऱ्याला किंमत आहे," असं माझ्याकडे बघून म्हणण्याचं काही कारण नव्हतं.

चारनंतर इथे सूर्य मावळतो, तेव्हा लगबगीने उतरलो. वाटेत माझे खड्डे आलेच. पुणेरी सवयीने मी ते सफाईने चुकवले, पण सौ. थांबली. "बुजवा."

सुपांनीच बर्फ ओढून, तुडवून मी बारा खड्डे बुजवले. तिच्या मोजणीने तेरा होते. बुटाचा ठसा म्हणाल तर माझ्यासारखा होता खरा, पण तेरावा माझा नव्हे.