चाकांवरच्या बिऱ्हाडाविषयी सविस्तर खुलासा

॥ श्री ॥

तीर्थरूप आई व बाबा, मुक्काम सातारा, यांचे सेवेशी, डेन्व्हर येथील चिरंजीव, सूनबाई व नातवंडे यांचे साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

राहते घर असताना आणि हॉटेलचे भाडे परवडत असताना एखादे सुशिक्षित कुटुंब सुटीत मोटारीत का मुक्काम करते, हा बाबांचा प्रश्न, आणि त्या मोटारीतला संडास कोण रिकामा करते, हा आईंचा उपप्रश्न, हे दोन्ही मूलगामी असल्याने त्यांचा खुलासा फोनवर न करता लेखी करावा असे येथील बिऱ्हाडात ठरले आहे.

अमेरिकेत ज्याला आरव्ही म्हणतात ते वाहन म्हणजे झोपायची जागा, शेगडी, फ्रिज, मोरी व संडास यांसह चाकांवर बसवलेले घर होय. त्याचे इंजिनवाले प्रकार तीन मानतात: बसएवढा तो क्लास ए, व्हॅनच्या पोटातच बसवलेला तो क्लास बी, आणि व्हॅनच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर खोली चढवून चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग काढलेला तो क्लास सी; सर्वांत लहान गाडीला मधले अक्षर का मिळाले, हे विचारण्याच्या भरीस पडू नये. चिरंजीवांनी भाड्याने घेतलेली गाडी तिसऱ्या प्रकारची होती, आणि ती चालवण्यास मोटारीचा साधा परवाना पुरतो ही बाब आईंना कळवू नये असे सूनबाईंचे मत होते, परंतु हे पत्र दोघांनी मिळून वाचावयाचे असल्याने तो बेत सोडून द्यावा लागला.

हा छंद चार विक्षिप्त लोकांचा आहे, अशी साताऱ्यास समजूत झालेली दिसते. वास्तविक या देशात बनणाऱ्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यात, मुख्यतः एल्कहार्टच्या परिसरात तयार होतात, आणि तेथील असंख्य घरांच्या चुली या धंद्यावर पेटतात. आयोवातील विनेबेगो कंपनीने 1966 मध्ये अशा मोटारी कमी किमतीत बनवण्यास सुरुवात केल्यावर तर त्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. प्रतिष्ठेचाच मुद्दा असेल, तर 1969 मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांना, तेथील जंतू पृथ्वीवर पसरू नयेत म्हणून, एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरमध्ये फेरफार करून केलेल्या बंदिस्त खोलीत ठेवले होते, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खिडकीबाहेर उभे राहून त्यांची विचारपूस केली होती.

पैशाच्या बाबतीत मात्र बाबांचा हिशेब बिनतोड आहे. ही गाडी लिटरमागे जेमतेम चार किलोमीटर जाते, भाडे वेगळे, उतरण्याच्या जागेचे शुल्क वेगळे, आणि या सर्वांची बेरीज बऱ्या हॉटेलापेक्षा स्वस्त पडतेच असे नाही. हा छंद काटकसरीचा आहे असे सांगणारे लोक एक तर स्वतःची समजूत काढत असतात किंवा गाडी विकत असतात. शिवाय तंबू ठोकून राहणारे लोक आरव्हीवाल्यांना सुखलोलुप म्हणून हसतात, तर हॉटेलात उतरणारे त्यांना कष्टाळू वेडे समजतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी मानहानी ठरलेलीच.

तरीही लोक या गाड्यांवर प्रेम करतात, याचे कारण हॉटेलशी तुलना केल्याने कळत नाही. ती तुलना घराशी करावी लागते. येथील उपनगरी घरात पाणी, वीज व सांडपाणी यांची व्यवस्था इतकी चोख असते की घरातल्या माणसाला तिच्यात करण्यासारखे बिल भरण्यापलीकडे काही उरत नाही. आरव्हीत पिण्यावापरण्याच्या पाण्याची टाकी साधारण 40 गॅलन, म्हणजे सुमारे 150 लिटर असते, आणि तिच्यात पाणी किती उरले हे दाखवणारे दिवे स्वयंपाकाच्या ओट्याजवळ लुकलुकत असतात. शॉवर उघडून अंग भिजवावे, तो बंद करून साबण लावावा, मग पुन्हा उघडावा, हा विधी येथील अनुभवी मंडळी नवख्यांना एखाद्या गुरुमंत्रासारखा गंभीरपणे देतात. ज्यांचे बालपण पहाटे तासभर येणारे नळाचे पाणी पिंपात साठवण्यात गेले, त्यांना तो मंत्र बारशापासून अवगत असतो. विजेचेही तेच. मुक्कामाच्या खांबावरून मिळणारी जोडणी बहुधा 30 अँपिअरची असते, म्हणजे 120 व्होल्टच्या हिशेबाने 3600 वॅट, आणि तेवढ्यात वातानुकूलन, मायक्रोवेव्ह व पाणी तापवायची किटली एकदम चालवली की सर्व बंद पडते. शेजारच्या गाडीत त्यावरून रोज अंधार व वादविवाद होत असता, भारनियमनाचे वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवून संसार शिकलेल्या सूनबाई काय केव्हा लावायचे हे न बोलता सांभाळत होत्या. स्वतःच्या गरजा मोजता येणे आणि त्या आवरल्याचे फळ त्याच संध्याकाळी दिव्यांत दिसणे, यात जो कारभारीपणाचा आनंद आहे तो या छंदाचा गाभा होय; अमेरिकन माणूस त्यासाठी पैसे मोजतो, आणि साताऱ्यास तो नगरपालिकेने अनेक वर्षे फुकट पुरवला.

आता उपप्रश्न. अंघोळीचे व भांड्यांचे सांडपाणी ज्या टाकीत साठते तिला करडी व संडासाच्या टाकीला काळी म्हणतात, आणि त्या ठरलेल्या ठिकाणी जाड नळीने रिकाम्या करताना काळी आधी व करडी नंतर सोडायची असते, जेणेकरून साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघावी. हे काम रबरी हातमोजे घालून चिरंजीव करतात. लहानपणी ज्यांना स्वतःचे ताट उचलायला तीनदा सांगावे लागे, तेच चिरंजीव आता शेजारच्या अनोळखी गृहस्थाशी नळीच्या जाडीविषयी व जोडाच्या घट्टपणाविषयी अर्धा तास तज्ज्ञासारखे बोलतात, हे आईंनी अवश्य ध्यानात घ्यावे. सोवळ्याच्या दृष्टीने देवाची तसबीर चालकासमोर, म्हणजे संडासापासून गाडीत शक्य तितकी दूर ठेवलेली आहे.

खाण्याचे हाल होत नाहीत, उलट आरव्हीचे खरे समर्थन तेथेच आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फिशिंग ब्रिज या मुक्कामी ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे तंबूंना मनाई असून केवळ पक्क्या भिंतींच्या गाड्यांनाच प्रवेश मिळतो, आणि वासाने अस्वल येऊ नये म्हणून अन्न बाहेर ठेवता येत नाही. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 2350 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण 92 अंशांवरच उकळते, आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजण्याचे मनावर घेत नाही. अशा वेळी कुकर हा चैनीचा विषय राहत नाही. त्याच्या पहिल्या शिट्टीला दोन गाड्यांतील माणसे बाहेर आली, तिसरीला एका वृद्ध गृहस्थाने दारावर टकटक करून गॅस गळतो आहे काय अशी चौकशी केली, आणि वरणभात खाऊन ते परत गेले. मिरचीची फोडणी पडली की मात्र छतावरचे धुराची सूचना देणारे यंत्र बोंब ठोकते, म्हणून त्यास टॉवेलाने वारा घालण्याचे खाते धाकट्या नातवाकडे दिलेले आहे.

डेन्व्हरच्या घरी समोरच्या कुटुंबाचे गॅरेजचे दार उघडते व मिटते, त्यापलीकडे त्यांचे दर्शन होत नाही. मुक्कामाच्या जागी प्रत्येक दारापुढे घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असल्याने शेजार आपोआप मिळतो, आणि त्याची सर्वांत मोठी करमणूक म्हणजे नव्याने आलेल्या जोडप्याने गाडी मागे घेणे. पतीने चालवावे, पत्नीने मागे उभे राहून हातांनी खुणा कराव्यात, आणि डावे म्हणजे कोणाचे डावे यावरून संसाराच्या मुळाशी जाणारा संवाद व्हावा, हा प्रकार प्रेक्षक कॉफीचा कप हाती धरून पाहतात व शेवटी टाळ्याही वाजवतात. रात्रीच्या ठरावीक वेळात जनरेटर चालवता येत नसल्याने तो संवाद त्या वेळात झाल्यास सर्वांना स्पष्ट ऐकू जातो.

सबब पुढील उन्हाळ्यात उभयतांनी यावे. मागचा पलंग राखून ठेवण्यात येईल, माळ्यावर चढावे लागणार नाही. येताना पाच लिटरच्या कुकरच्या दोन रिंगा आणाव्यात. कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. बाबांनी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढण्याची घाई करू नये. चालकाची जागा भरलेली आहे. गाडी मागे घेताना खुणा करण्याच्या पदाचा मात्र सूनबाईंनी राजीनामा दिला असून तो स्वीकारण्यात आला आहे.