‘रिड्यूस’ चालवायला शिका

भोसरी-चाकणमध्ये नव्याने लागलेल्या ट्रेनीला मशिनच्या आधी एक क्रियापद चालवता आलं पाहिजे: रिड्यूस. मागे ‘करणे’ लावलं की कुठल्याही मीटिंगमध्ये खपतं.

सराव निर्जीव वस्तूंवर करावा. सायकल टाइम रिड्यूस, रिजेक्शन रिड्यूस, इन्व्हेंटरी रिड्यूस. टोयोटाच्या ताईची ओनो यांनी ‘मुडा’चे, म्हणजे फुकट जाण्याचे, सात प्रकार सांगितले: जादा उत्पादन, खोळंबा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, हालचाल आणि सदोष माल. यादी तोंडपाठ करावी. तिच्यात माणूस नाही, हे मीटिंगमध्ये बोलू नये.

पुढचा धडा कॉस्टचा. यात हुकूम वरून सुटतो आणि अंमल खाली होतो. गाड्या बनवणारी कंपनी व्हेंडरला म्हणते, रेट रिड्यूस करा. व्हेंडर तेच वाक्य सब-व्हेंडरला ऐकवतो. असं करत ते भोसरीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये पोचतं आणि तिथेच अडकतं, कारण त्या मालकाच्या खाली ऐकवायला कुणी नाही. स्टीलचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचा नाही. चहा रिड्यूस करावा, तर तो आधीपासूनच कटिंग.

पाण्याच्या बाबतीत जपून. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर 2019पासून दिवसाआड पाणी येतं. रिड्यूस झालेलं पुन्हा पहिल्यासारखं होईल असं समजून चालू नये. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकला तर हे क्रियापद लागूच पडत नाही.

मॅनपॉवरचा धडा वरच्या वर्गाचा. इथे ‘केलं’ म्हणायचं नाही, ‘झालं’ म्हणायचं. कर्ता आपोआप गुल होतो. त्याहून चांगलं म्हणजे क्रियापदच टाळून ‘राइटसायझिंग’ किंवा ‘व्हीआरएस’ म्हणावं. बजाजने सप्टेंबर 2007मध्ये आकुर्डीतलं वाहन उत्पादन थांबवलं, जनरल मोटर्सने डिसेंबर 2020मध्ये तळेगावातलं. दोन्हीकडच्या कामगारांना अर्थ समजायला शब्दकोश लागला नाही.

व्याकरणात अलीकडे एक दुरुस्ती झाली आहे, ती वहीत लिहून घ्यावी. औद्योगिक विवाद कायद्यानुसार 100 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागायची. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा 300 आहे. म्हणजे रिड्यूस सोपं व्हावं म्हणून मर्यादा वाढवली. ज्यांच्या कारखान्याच्या हजेरीपटावर 299 नावं आहेत, त्यांनी हा धडा दोनदा वाचावा.