थंडीची टक्केवारी

डिसेंबरातले सकाळचे पावणेआठ म्हणजे ओस्लोत मध्यरात्रच. सूर्य इथे सव्वानऊच्या सुमाराला कामावर येतो आणि सव्वातीनला दप्तर आवरून घरी जातो. बाहेर उणे १४. गाडीच्या दाराचं रबर रात्रीत चौकटीला चिकटलेलं, मी दार ओढतोय आणि मागे मामा उभे. अंगात दोन स्वेटर, त्यावर माझं स्कीइंगचं जाकीट, डोक्याला कानटोपी, कानटोपीवर मफलर.

"वढ की जोरात. जेवला न्हाईस व्हय?"

वढलं. दार उघडलं, रबराचा वीतभर तुकडा मात्र चौकटीशी एकनिष्ठ राहिला. बटण दाबलं, पडदा उजळला. रात्री झोपताना १०० टक्के आणि २१० किलोमीटर दाखवणारा पडदा आता ९६ टक्के आणि १३४ किलोमीटर दाखवत होता.

मामांनी वाकून आकडा वाचला. तेहतीस वर्षं एसटीच्या कोल्हापूर आगारात स्टिअरिंग धरलेला माणूस. डिझेलचा काटा काय आणि कंडक्टरचा चेहरा काय, एका नजरेत वाचणार.

"रातीत कुठं जाऊन आली ही?"

"कुठं नाही मामा. थंडीनं खाल्लं."

"किती टक्के?"

"पस्तीसेक."

"आरारा," मामा म्हणाले. "आमच्याकडं रस्त्याच्या कामात बी एवढं खात न्हाईत."

टक्केवारी म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात, दहावीचा निकाल आणि कंत्राटदार. मला तिसरी मिळाली. आठ वर्षं वापरलेली विजेची गाडी घेऊन उत्तरेकडच्या देशात राहायचं, म्हणजे काम सुरू होण्याआधीच कुणाकुणाचा वाटा काढून ठेवायचा. पहिला वाटा बॅटरीच्याच पोटातला. तिच्यात एक द्रव असतो आणि त्यातून लिथियमचे कण इकडून तिकडे जातात तेव्हा कुठे गाडीला गती येते. थंडीत हा द्रव आपल्या खोबरेलाच्या बाटलीसारखा जड होतो. खोबरेलाची बाटली आई पाणी तापवण्याच्या बंबाजवळ ठेवायची. तीनशे किलोची बॅटरी कुठे ठेवणार?

मग हीटर. हा खरा मुकादम. सुरुवातीला चार-पाच किलोवॉट एकटाच ओढतो. इथे पेट्रोलच्या जुन्या गाडीची आठवण येतेच. ती मुळात शेगडी होती. शंभराचं पेट्रोल घातलं की साठ-सत्तरची नुसती धग व्हायची आणि उरलेल्यात गाडी पळायची. ती धग वाया जाणारच, म्हणून आत फुकट वळवलेली. विजेची गाडी काटकसरी. काही वाया घालवत नाही, त्यामुळे घरच्यांना द्यायलाही तिच्याकडे काही उरत नाही. अशी माणसं आपल्या नात्यात असतात. लग्नात आहेर मोजून करतात.

उपाय एकच, सीटचा हीटर. तो पन्नास-शंभर वॉटमध्ये भागवतो. त्यामुळे आमच्या घराण्यात हल्ली ऊब खालून घेतात. खाली पराठा भाजावा तसं भाजतंय, वर नाकाला हिमकण. बायकोनं एकदा विचारलं, "अरे, आपण खाऊनपिऊन सुखी आहोत ना? मग गाडीत बसलं की फाळणीच्या वेळी निघाल्यासारखे का दिसतो?" मी म्हटलं, १८ किलोमीटर वाचतात. ती म्हणाली, वाचवून जायचंय कुठे? या प्रश्नाला गाडीच्या पुस्तिकेत उत्तर नाही.

पुस्तिकेवरून आठवलं. गाडी नवी असताना जाहिरातीत म्हणे ३०० किलोमीटर होते. युरोपात ही रेंज हल्ली मोजतात ती प्रयोगशाळेत, २३ अंश तापमानाला. २३ अंश म्हणजे महाबळेश्वर. ओस्लोत २३ अंश ज्या दिवशी होतं त्या दिवशी कुणी गाडी चालवतच नाही, सगळे अंगावरचे कपडे काढून फ्योर्डच्या काठी पडलेले असतात. इथल्या मोटारचालकांच्या संघटनेनं मात्र प्रयोगशाळेवर विसंबणं सोडलं. २०२० साली तिनं २० नव्या गाड्या भर थंडीत बंद पडेस्तोवर पळवल्या. सरासरी साडेअठरा टक्के रेंज कमी भरली. मी हा अहवाल गाडी घेण्याआधी वाचला होता आणि साडेअठरा टक्के मला परवडण्यासारखे वाटले होते. "नव्या" हा शब्द तेवढा नजरेतून सुटला.

आता सेकंडहँडचं गणित. नॉर्वेनं विजेच्या गाड्यांचा खरेदीकर १९९० साली काढला आणि २००१ पासून त्यांना व्हॅटही माफ केला. टोल त्याआधीच माफ झाला होता, पुढे बसच्या मार्गिकेतून जायची मुभा मिळाली. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकानं हे सगळं भोगलं. बसच्या मार्गिकेतून, फुकट टोलनाक्यातून. मग ओस्लोत विजेच्या गाडीलाही टोल बसला, सवलती एकेक करून आटल्या, बॅटरीच्या पडद्यावरच्या दोन रेघा विझल्या आणि त्या उदार माणसानं गाडी मला विकली. सोबत हिवाळी टायरचा संच फुकट दिला. मी वर आभारही मानले.

एक अॅपही होतं. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मोबाइलवरून गाडी तापवता यायची, आणि वायर जोडलेली असली तर बॅटरी न वापरता. हीच तर खरी गोम आहे: तारेवर असतानाच गाडी गरम करून घ्यायची, म्हणजे हीटरचा हप्ता भिंत भरते. पण ज्या मोबाइल जाळ्यावर ते अॅप चालायचं ते जाळंच मधल्या काळात बंद झालं. आता सहा वाजता पायजम्यावर जाकीट चढवून मी स्वतः खाली जातो, गाडीत बसून बटण दाबतो आणि परत वर येतो. तंत्रज्ञान तेच, फक्त सिग्नलच्या जागी मी.

त्या दिवशी तेही जमलं नव्हतं, कारण रात्री आमचा नंबर नव्हता. सांगतो. आमची सोसायटी, इथल्या भाषेत बोरेत्सलाग, चाळीस घरांची. अंगणात चार्जिंगचे खांब बारा. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १०० नव्या गाड्यांत ८९ विजेच्या होत्या, तेव्हा चाळीस घरांत किती, ते तुम्हीच काढा. त्यात विजेचा भाव तासातासाला बदलतो आणि उद्याचा भाव आज दुपारीच जाहीर होतो. त्यामुळे दुपारी एकच्या सुमाराला सगळी सोसायटी मोबाइलमध्ये डोकं घालून बसते. रात्री दोन ते पाच स्वस्ताई. मग त्या तीन तासांसाठी चाळीस सुशिक्षित कुटुंबांत जे चालतं, ते मी लहानपणी चाळीच्या नळावर पाहिलंय. तिथे निदान कळशी हलवून जागा धरता यायची, भांडता यायचं. इथे भांडण नाही. इथे खांबावर छापील चिठ्ठी लावतात: "आपली गाडी ०२.४० ला भरून झाली आहे. शुभ दिवस." हा शुभ दिवस नळावरच्या शिवीपेक्षा खोल जातो. मला तशा तीन आल्यात. मी एक लावलीय, ती गाडी माझ्याच वरच्या मजल्यावरच्यांची आहे हे ठाऊक नसताना.

तर त्या दिवशी गाडी संध्याकाळीच भरून, तार सोडून, थंडगार पडलेली. आणि आमचं घर टेकडीवर. निघाल्याबरोबर उतार लागला. या गाडीचा आवडता गुण म्हणजे उतारावर पाय उचलला की मोटर उलटं काम करते, गाडी आपोआप आवरते आणि बॅटरीत चार दाणे परत पडतात. पण बॅटरी गारठलेली आणि वर जवळजवळ भरलेली असेल तर ती घास घेत नाही. मी पाय उचलला, गाडी तशीच सुटली.

मामांचा उजवा पाय गाडीच्या तळाशी गच्च रुतला. एसटीच्या माणसाला कुणाच्याही गाडीत शेजारी बसवा, त्याच्या पायाखाली ब्रेक असतोच.

"गेर टाक, गेर!"

"गिअर नाहीत मामा हिला."

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग अत्यंत शांतपणे म्हणाले, "करूळ घाट ज्या गेरात चढायचा त्याच गेरात उतरायचा, हे आमाला पैल्या दिवशी शिकवलं. गेरच न्हाई म्हंजी ह्यो देश घाट उतरतो कसा?"

निघालो होतो लिलेहामरला. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकचं गाव, तिथली उडीची टेकडी मामांना दाखवायची होती. अंतर १८० किलोमीटर, आमच्याकडे १३४. हमरस्त्यावर ११० ची परवानगी. आम्ही ८० नं, उजव्या कडेला, हीटर बंद. वेग वाढला की हवा आडवी येते, आणि थंड हवा दाट असते, तीही आपला वाटा घेते. काचेवर आतून बाष्प धरलं की दहा सेकंद हीटर, मग बंद. मामांनी हे दोनतीनदा पाहिलं आणि पुढचं काम स्वतःकडे घेतलं. मफलर काढून ते काच पुसू लागले. एका ट्रकमागे गेल्यावर म्हणाले, "हितंच ऱ्हा. वारं त्यो खातोय." कारभार एकदम सुधारला. डिझेल वाचवण्यात आयुष्य घातलेला माणूस आणि रेंज वाचवण्यात रात्री घालवणारा मी, आमचं शास्त्र एकच निघालं.

वाटेत टोलची कमान आली. इथे नाका नसतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल घरी येतं. मामांच्या कपाळाला आठी पडली. ते कोल्हापूरचे. टोल हा विषय कोल्हापूरकरापुढे जपूनच काढावा. गावानं रस्त्यावर उतरून टोल घालवला होता, आणि मामा रजा टाकून त्या मोर्च्यात गेले होते. त्यांची समजूत घालायला मी इथली गोष्ट सांगितली. १९८९ साली 'आ-हा' या गाजलेल्या बँडमधल्या दोघांनी, मॉर्टन हार्केट आणि माग्ने फुरुहोल्मेन यांनी, 'बेलोना' या पर्यावरणवादी संस्थेच्या फ्रेडरिक हाउगेबरोबर एक फियाट पांडा आणली, विजेवर चालणारी करून घेतलेली. ती घेऊन हे नाक्यामागून नाका टोल न भरता पार करायचे. दंड व्हायचा, तोही भरायचे नाहीत. मग गाडी जप्त, लिलाव. लिलावात कुणी फिरकायचं नाही, हेच ती किरकोळ पैशात परत घ्यायचे आणि पुन्हा नाक्यावर हजर. असं बऱ्याचदा झालं. १९९७ मध्ये विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला.

"म्हंजी ह्यांनी आमचंच केलं की!" मामा खुलले. मग साल मोजलं. "आमच्या आदी?" ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. गावाचा अपमान त्यांना बोचला असावा.

नव्वदेक किलोमीटरवर एस्पा लागलं तेव्हा पडद्यावर ११ टक्के. हा थांबा हाताएवढ्या गोड पावांसाठी प्रसिद्ध आहे. नॉर्वेत चार्जर आले तेव्हापासून असे पाव, सॉसेज आणि कॉफी यांचा खप किती वाढला याचा अभ्यास कुणी केला नसेल तर माझ्या पोटाचा घेर उपलब्ध आहे. चार्जरवर लिहिलेलं ५० किलोवॉट. वायर जोडली, आमच्या गाडीनं घेतले १६. गारठलेल्या बॅटरीत जोरात वीज कोंबली तर लिथियम आत मुरायच्या ऐवजी धातू होऊन साचतो आणि बॅटरी कायमची अधू होते, म्हणून गाडी स्वतःच घोटघोट पिते. शेजारी नवीकोरी गाडी आली, वीस मिनिटांत गेली. दुसरी आली, तीही गेली. आम्ही तिथेच. लग्नाला आलेले पाहुणे पांगतात आणि मांडववाला उरतो तसे.

मामांनी पाव फोडला, वास घेतला. "वेलदोडा घातलाय की रं ह्यात!" परदेशात आल्यापासून त्यांना पटलेली ही पहिली गोष्ट. दुसऱ्या पावावर त्यांनी मुळाशी हात घातला. वीज कशाची? धरणांची, जवळजवळ सगळी. मग हा देश श्रीमंत कशावर? समुद्रातल्या तेलावर आणि गॅसवर. ते कोण जाळतं? बाकीचे देश. पैसे? एका मोठ्या निधीत, पुढच्या पिढ्यांसाठी.

मामांनी हातावरची साखर झटकली. "म्हंजी दुकान दारूचं आन् गळ्यात माळ."

मी आजूबाजूला पाहिलं. सुदैवाने मराठी कुणाला येत नव्हतं.

सव्वा तासानं ६० टक्के झाले. लिलेहामर गाठून परत यायचं तर आणखी दोन थांबे, म्हणजे चार पाव. मामांनीच निकाल दिला: "उडीची टेकडी पुढच्या खेपेला. लोकं वरनं उड्या मारत्यात, एवढंच न्हवं?" गाडी वळवली. ९० किलोमीटर, ६० टक्के, हीटर बंद. कुठेतरी वाटेत मामांनी मागच्या सीटवरची पिशवी ओढली आणि आतून घोंगडं काढलं. धनगरवाड्यावरून माझ्यासाठी आणलेली भेट. विमानतळावर मी ते पाहून हसलो होतो, बायकोनं ते गाडीतच राहू दिलं होतं. काळं, खरबरीत, मेंढीच्या वासाचं. अर्धं त्यांच्या गुडघ्यांवर, अर्धं माझ्या. दहा मिनिटांत पायांची बोटं परत मिळाली. सीटचा हीटरही बंद केला. पडद्यानं स्वतःहून ४ किलोमीटर वाढवून दिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

घरी पोहोचलो तेव्हा ९ टक्के. अंगणात शेजारी त्याच्या गाडीला वायर जोडत होता. माझ्या मते, त्या तीन चिठ्ठ्यांमधली निदान एक त्याचीच. मामा घोंगडं खांद्यावर टाकून उतरले. शेजाऱ्यानं ते हातात घेऊन पाहिलं, उलटसुलट केलं, किती किलोमीटर वाचले विचारलं. मी सांगितलं. तो गंभीर झाला. किंमत काय, कुठे मिळतं, दोन मिळतील का?

मामांनी भाव सांगितला. मी दुभाष्या होतो. नॉर्वेजियनमध्ये सांगताना त्यात माझे दहा टक्के धरले.