मामांची विलायतेतली पाळी

मँचेस्टर

तीर्थरूप मामीस,


मामा सुखरूप आहेत, रक्तदाब ताब्यात आहे आणि तू पाठवलेला ठेचा केव्हाच संपला. फोनवर त्यांनी तुला ‘डोंगर पाहून आलो, बरे होते’ एवढंच सांगितलं असेल. ती सगळी हकीकत नव्हे, म्हणून हे पत्र.

मामांना समुद्र दाखवावा असा तुझ्या जावयाचा बेत होता. मामा म्हणाले, “पाणी काय पाहाचं बाप्पा, खाण आहे का इकडं कुठं?” उभी हयात वणीकडच्या कोळसा खाणीत मायनिंग सरदारकी, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेची देखरेख, केलेल्या माणसाला सुटीत खाणच पाहावीशी वाटते, हे आम्हाला नवीन होतं. मग शनिवार-रविवार उत्तर वेल्सला नेलं. तिथे दगडाच्या पाट्यांच्या खाणी होत्या. तू शाळेत जी पाटी पुसायचीस तिच्याच जातीचा हा दगड. एकोणिसाव्या शतकात अर्ध्या जगाच्या घरांवर इथली कौलं चढली. आता बहुतेक खाणी बंद आहेत आणि 2021 साली युनेस्कोने हा सगळा मुलूखच जागतिक वारसा ठरवला.

ब्लायनाय फेस्टिनियोग हे गाव म्हणजे चारी बाजूंनी काळ्या-निळ्या दगडचुऱ्याचे डोंगर, आणि वर पाऊस. आपल्याकडे पाऊस येतो, तिथे तो राहायलाच असतो. 1951 साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा हे ढिगारे शोभत नाहीत म्हणून सरकारने नकाशाच्या मधोमध भोक पाडून गाव वगळलं. आता तेच ढिगारे पाहायला लोक तिकीट काढून येतात. तिकिटाचा आकडा कळल्यावर मामा रांगेतच थांबले. “मले सरकारनं पगार देऊन खाली उतरवलं, अन् हे लोकं सोताचे पैसे देऊन उतरतेत?” मागची मंडळी खोळंबली. आधीच तिकिटं काढून ठेवली होती म्हणून बरं, नाहीतर मामा तिथूनच परत फिरले असते.

लेखवेड नावाच्या खाणीत दोरखंडावर चालणाऱ्या उभ्या उताराच्या गाडीतून डोंगराच्या पोटात उतरलो. डोक्याला हेल्मेट. मामांनी माझं, जावयाचं आणि दोन्ही पोरांचं हेल्मेट तपासलं, मग पुढच्या बाकावरच्या अनोळखी गोऱ्या बाईचा पट्टाही घट्ट करून दिला. तिने थँक यू म्हटलं. मामांनी, “ड्यूटी” म्हटलं.

आत देवळाच्या सभामंडपाएवढी दालनं आहेत. वाटाडी मुलगी सांगत होती की खाणकामगार मांडीला साखळीचा वेढा घालून कड्यावर लोंबकळत हाताने भोकं पाडायचे, तेही मेणबत्तीच्या उजेडात. आणि ती मेणबत्ती, बार उडवायची दारू, दोर, सगळं त्यांच्याच पगारातून कापायचे. उघडी मेणबत्ती ऐकताच मामांचा जीव वरखाली. कोळशाच्या खाणीत मिथेन असतो, ठिणगी पडली की खेळ खलास. पाटीच्या दगडात तो वायू नसतो, हे त्यांचं त्यांनाच आठवलं तेव्हा कुठे श्वास सोडला. तोवर त्यांची छत्री मात्र चालू झाली होती. टक् टक् टक्, छताला. वाटाडीने विचारलं, काय करताय? मामांनी सगळ्या घोळक्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “रूफ इज लाइक सासू. यू मस्ट लिसन हर साउंड. सॉलिड साउंड, ओके. हॉलो साउंड, रन.” सगळी गुहा हसली. त्या मुलीने मग मामांना पुढे बोलावलं, आणि वेल्सच्या खाणीत वणीच्या माणसाने गोऱ्यांना छत ठोकून कसं तपासायचं ते शिकवलं. तुझ्या सासूबाईंना हे कळू देऊ नकोस.

मग दिवे बंद करून खरा अंधार दाखवला. आमचा धाकटा किंचाळला. मामा शांतपणे म्हणाले, “भिंतीले हात लावा अन् जागेवर राहा.” इंग्रजीत सांगायचं राहिलं, तरी आजूबाजूच्या सगळ्यांनी हात लावले.

बाहेर आल्यावर एक कारागीर रुंद छिन्नीने दगड फोडून कागदासारखी कौलं काढत होता. मापांना त्यांनी मानाची नावं दिली आहेत. चोवीस बाय बारा इंचांची डचेस, वीस बाय दहाची काउंटेस, सोळा बाय आठची लेडी. मामांनी विचारलं, “मजुराच्या बायकोच्या नावाचं माप कोणतं?” असं माप नाही.

ह्या दगडाच्या धुळीने छातीचे रोग व्हायचे. मालकांनी नेमलेल्या डॉक्टरांनी काय निदान केलं, माहीत आहे? धूळ नव्हे, चहा! म्हणे हे लोक चहा फार वेळ उकळून पितात, म्हणून आजारी पडतात. मामांचा चेहरा पाहण्यासारखा होता. आपल्या घरी चहा उकळायचा थांबतो का कधी? त्या हिशेबाने आख्खा विदर्भ दवाखान्यात हवा. भरपाईचा कायदा व्हायला 1979 साल उजाडलं. मामा त्यावर काही बोलले नाहीत, फक्त थर्मासमधला आपला उकळलेला चहा त्यांनी वाटाडीला प्यायला दिला.

चहावरून आठवलं. लानबेरिसजवळ डिनॉर्विग नावाची बंद खाण आहे. तिच्या डोंगरात सोळा किलोमीटरचे बोगदे खोदून त्यांनी 1984 साली वीजघर बांधलं. रात्री स्वस्त विजेने पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं, आणि सोळा सेकंदांत सुमारे सतराशे मेगावॅट तयार. आपल्या घाटघरला हेच तंत्र आहे, पण तिथे अडीचशे मेगावॅट. इथल्या गरजेचं उदाहरण देताना लोक हमखास चहाचं देतात. टीव्हीवर फुटबॉलची मॅच मध्यंतराला थांबली की सगळा देश एकदम किटली लावतो. मामांचं मत असं की आपल्या गावी लोहाऱ्यात मॅच सुरू झाली की वीजच जाते, त्यामुळे आपल्याकडे एवढ्या खर्चाची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी बेथेस्डा. तिथल्या पेनरिन खाणीवरून आता तारेला लटकून ताशी दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने उडतात. तुझे जावई पोटावर पडून त्या तारेवरून गेले. उतरल्यावर म्हणाले, मजा आली. चेहरा मात्र बराच वेळ पांढरा होता. मामांना त्यात रस नव्हता, ते गावात शिरले. ह्या खाणीत 1900 ते 1903 असा तीन वर्षं संप चालला. ‘या घरात फितूर नाही’ असे फलक संपकऱ्यांनी खिडक्यांत लावले होते. शेवटी संप मोडला, पण शेजारी शेजाऱ्याशी पिढ्यान् पिढ्या बोलले नाहीत. मामांना दत्ता सामंतांचा 1982चा गिरणी संप आठवला. “मुंबईत गिरण्यांच्या जागी मॉल आले, इथं खाणीच्या जागी झोका आला,” एवढंच म्हणाले आणि पावसात गल्लीतून फिरत राहिले. छत्री उघडायची ती खाणीतच ठेवून आले होते.

आता खरी गोष्ट. फेस्टिनियोगची छोटी रेल्वे. 1836 साली ती पाट्या बंदरावर न्यायला सुरू झाली. भरलेले डबे उताराने आपोआप खाली, सोबत एका डब्यात घोडे बसलेले. रिकामे डबे वर ओढायला तेच घोडे. फुकट प्रवास करणारा घोडा मामांना फार आवडला. 1946 साली गाडी बंद पडली, आणि 1955पासून हौशी लोकांनी ती तुकड्यातुकड्याने पुन्हा चालू केली. मध्ये जुना मार्ग धरणाच्या पाण्यात गेला, तर ह्या लोकांनी नवा मार्ग आखला, बोगदा खोदला आणि 1982 साली गाडी पुन्हा ब्लायनायला आणली. कोळसा टाकणारा निवृत्त मास्तर, तिकीट तपासणारी निवृत्त नर्स, पगार शून्य.

मामांनी त्या मास्तरांना आपल्या शकुंतलेची हकीकत सांगितली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, खासगी कंपनीची रेल्वे, वऱ्हाडचा कापूस न्यायला घातलेली. तिचं वाफेचं इंजिन ह्याच मँचेस्टरात 1921 साली बनलं आणि 1994च्या एप्रिलपर्यंत धावलं. रूळ इथल्या रुळांपेक्षा रुंद आणि मार्ग कितीतरी लांब. मास्तरांनी वही काढून सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “मग आता ती कोण चालवतं?” मामांनी छत्री शोधायला इकडेतिकडे पाहिलं. यवतमाळची गाडी बंद पडून किती वर्षं झाली, रुळांत गवत किती वाढलं, हे सांगायची त्यांना लाज वाटली असावी.

तेव्हापासून मामा कलेक्टरसाहेबांना अर्ज लिहितात. मसुदा रोज बदलतो. कालच्या अर्जात शकुंतला थोडी तरी चालू करा अशी विनंती आहे आणि वणीला कोळशाचं संग्रहालय काढा अशी सूचना आहे. वाटाडी म्हणून स्वतःचं नाव सुचवलं आहे, मानधन ‘चहापुरतं’.

अर्जाचं व्हायचं ते होईल. माझं मागणं तुझ्याकडे आहे. वेल्सचे कामगार जेवणाच्या सुटीत खाणीतल्या खोपटात सभा भरवायचे, वाद घालायचे, गाणी म्हणायचे. कुणीतरी तेव्हा त्याचं टिपण ठेवलं म्हणून शंभर वर्षांनी लोक त्यांच्याविषयी बोलतात. मामांच्या पोटात तशा शेकडो गोष्टी आहेत, आणि त्या त्यांनी आम्हाला ह्या प्रवासात पहिल्यांदा सांगितल्या. ते परत आले की दुपारी झोपू देऊ नकोस. दोनशेपानी वही आणून ठेव, तुझं अक्षर चांगलं आहे, ते सांगतील तसं लिहून घे. मधे मधे ‘काहून?’ असं विचारत राहा म्हणजे ते थांबणार नाहीत.

मुलांचा नमस्कार. ठेचा पुन्हा पाठव.

तुझी भाची

ता. क. छत्री खाणवाल्यांनी पोस्टाने पाठवली. सोबत चिठ्ठी आहे: छत तपासलं, ठीक आहे.