जागतिक सिनेमा सुचवण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम

जानेवारीत पुण्यात पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, येऊन गेला की गळ्यातला पास उतरतो, अंगात आलेलं मात्र उतरत नाही. आठवडाभर अंधारात बसून आपण जग पाहिलं, आता ते इतरांना दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर आली, असं अनेकांना मनापासून वाटू लागतं. अशा नवशिक्यांच्या हातून उत्साहाच्या भरात चुका होतात. कुणी चक्क समोरच्याला आवडेल असाच सिनेमा सुचवून मोकळा होतो. असे प्रकार टळावेत म्हणून ही मार्गदर्शिका.

पहिला नियम: ज्याला सिनेमा सुचवायचा त्याला काहीही विचारू नये. त्याला काय आवडतं, संध्याकाळी किती वेळ मोकळा असतो, टीव्हीसमोर आणखी कोण कोण बसतं, धावती सबटायटल्स वाचायला जमतात का, या चौकश्या वधूवर सूचक मंडळाने कराव्यात. आपण यादी द्यावी. ती पंचवीस नावांच्या खाली नसावी आणि रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पडावी. नाव, वर्ष, दिग्दर्शक, एवढं पुरे. गोष्ट काय आहे हे चुकूनही लिहू नये. लिहिलं तर लोक सिनेमा बघण्याचा धोका असतो.

यादीच्या डोक्यावर सर्वांत लांब सिनेमा ठेवावा. हंगेरीच्या बेला टारचा 'सातानटँगो' (१९९४) या कामी उत्तम. तो सात तासांहून मोठा आहे आणि सुरुवातीला बराच वेळ आपण गोठ्यातून बाहेर पडून ओसाड गावात फिरणाऱ्या गायी बघतो. ज्याचं लहानपण गोठ्यात गेलंय तो विचारतो, हे मी पैसे देऊन का बघायचं? त्यावर फक्त 'काळाचा अनुभव' एवढंच म्हणावं आणि खिडकीबाहेर बघावं.

दुसरं नाव शांताल अकेरमान यांच्या 'जान दिएलमान'चं (१९७५). ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने २०२२ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला आला, ही माहिती कुणी विचारण्याआधी द्यावी. लांबी ३ तास २१ मिनिटं. ब्रुसेल्समधल्या एका फ्लॅटमध्ये एक विधवा बाई आणि तिचा शाळकरी मुलगा राहतात. बाई स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरुणं घालते, दुपारी पोटासाठी घरी गिऱ्हाईक घेते आणि पुन्हा स्वयंपाकाला लागते. असे तीन दिवस.

इथे एक धोक्याची सूचना आहे. हा सिनेमा काकूला किंवा आईला अजिबात दाखवू नये. दुसऱ्या दिवशी त्या बाईचे बटाटे जास्त शिजतात. ती ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं हे तिला सुचत नाही. आपण या प्रसंगावर चार लेख वाचलेले असतात. स्त्रीच्या श्रमाचं अदृश्य असणं, पुनरावृत्तीची रचना, अचल कॅमेरा, सगळं तयार असतं. आणि तोवर घोरायच्या बेतात असलेली काकू सरसावून बसते आणि म्हणते, 'हिचं काहीतरी बिनसलंय. हिच्याकडून बटाटे असे व्हायचे नाहीत.' सिनेमाचा कणा नेमका तोच आहे. जे आपल्याला लेख वाचून कळलं ते तिला एका पातेल्यावरून कळलं, तर मग सुचवणाऱ्याला काही किंमत उरते का?

(बटाट्यांत खास रस निर्माण झालाच, तर टार यांचा 'द ट्युरिन हॉर्स' (२०११) आहे. तिथे बाप आणि मुलगी रोज एकेक उकडलेला बटाटा हाताने खातात. मीठ आहे, चटणी नाही.)

इराण हा स्वतंत्र विषय आहे. 'इराणी सिनेमा' हे शब्द डोळे अर्धवट मिटून उच्चारावेत. माजिद माजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) सुचवण्याचा मोह टाळावा, कारण तो लोकांना आवडतो. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, दोघं एकच जोड आळीपाळीने घालून शाळेत जातात. पुढे शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार म्हणून पोरगा तिसरा येण्यासाठी धावतो आणि नेमका पहिला येतो. यात समजावून सांगण्याजोगं काहीच नाही. शेजारचा तिसरीतला मुलगादेखील रडतो. अशा सिनेमाच्या वाटेला आपण का जावं?

अब्बास किआरोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (१९८७) त्या मानाने प्रतिष्ठेचा, पण त्यातही एक अडचण आहे. गोष्ट एका वाक्याची: वर्गमित्राची वही चुकून आपल्याकडे आली, ती उद्या त्याच्याकडे नसेल तर गुरुजी त्याला शाळेतून काढतील, म्हणून आठ वर्षांचा अहमद डोंगरापलीकडच्या गावात त्याचं घर शोधत फिरतो. बहुतेक मोठी माणसं त्याचं म्हणणं नीट ऐकून घेत नाहीत. आजोबा खिशात सिगारेटी असताना त्याला घरून सिगारेटी आणायला पिटाळतात, पोराला वळण लागावं म्हणून. हे बघताना आपल्या घरातलं कोणीतरी 'आमचे अण्णा अगदी असेच' असं म्हणणारच. त्या क्षणी सिनेमा इराणचा राहत नाही आणि आपली पकड सुटते. माझं खासगी मत विचाराल तर माजिदींपेक्षा हा कितीतरी मोठा सिनेमा आहे, पण ते मत या अभ्यासक्रमात बसत नाही.

सुरक्षित मार्ग हवा असेल तर सिनेमाऐवजी सिनेमामागची हकिकत सांगावी. जाफर पनाही यांच्यावर २०१० मध्ये वीस वर्षं सिनेमा करण्यावर बंदी आली. त्यानंतर घरात बसून केलेला 'धिस इज नॉट अ फिल्म' (२०११) केकमध्ये लपवलेल्या पेन ड्राइव्हमधून कान महोत्सवाला पोहोचला, असं सांगतात. ही हकिकत कुठल्याही लग्नाच्या पंगतीत चालते. तो सिनेमा प्रत्यक्ष पाहिलाय का, हे अजून कोणी कोणाला विचारलेलं नाही.

आता जपान. अकिरा कुरोसावा म्हटलं की 'राशोमोन' सांगून थांबावं. 'इकिरू' (१९५२) सांगायचाच असेल तर तो अस्तित्ववादी आहे असं ठासून सांगावं, कारण तो खरं तर सरकारी कचेरीबद्दल आहे. वस्तीतल्या बायका तुंबलेल्या घाण पाण्याची तक्रार घेऊन येतात. त्यांना या खात्यातून त्या खात्यात पाठवलं जातं आणि शेवटी त्या निघाल्या होत्या त्याच टेबलाशी येऊन ठेपतात. सात-बाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करायला तहसीलच्या पायऱ्या झिजवलेला कोणीही माणूस इथे सबटायटल न वाचता हसतो. या खात्याचे प्रमुख वातानाबे तीस वर्षं शिक्के मारत आलेत. पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळतं आणि मग ते एकच काम हट्टाने मागे लागून पूर्ण करतात: त्या जागी मुलांचं मैदान.

कुरोसावाची खरी कमाल पुढे आहे. सिनेमा बराच उरलेला असतानाच नायक मरतो. त्यानंतर सगळे सहकारी श्राद्धाला जमल्यासारखे बसून पितात आणि मैदानाचं श्रेय कोणाचं यावर वाद घालतात. उपमहापौर आपलं म्हणतात, उद्यान खातं आपलं म्हणतं. रात्र चढते तसे सगळे भावुक होतात, उद्यापासून आम्हीही असंच काम करू अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते आणि पहिली तक्रार घेऊन आलेल्याला दुसऱ्या खात्यात पाठवलं जातं. हे सगळं १४३ मिनिटांत. मंत्रालयातून, महापालिकेतून, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या ओळखीच्या माणसाला हा सिनेमा सुचवू नये. तो दुसऱ्या दिवशी फोन करील, तासभर बोलेल आणि आपल्याला एक शब्दही बोलू देणार नाही.

यासुजिरो ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'बाबत (१९५३) तर अधिक काळजी घ्यावी. म्हातारे आईवडील गावाहून शहरातल्या मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचं दुकान चालवते, दोघंही कामात. मग खर्च परवडतो म्हणून त्यांना आतामीच्या गरम झऱ्यांकडे पाठवून देतात. तिथे रात्रभर दंगा, झोप नाही. म्हातारी माणसं लवकर परत येतात तर लेकीच्या कपाळावर आठी. रजा काढून टोकियो दाखवते ती युद्धात वारलेल्या मुलाची बायको. सिनेमात खलनायक नाही, आरडाओरडा नाही, सगळेच बरे लोक आहेत. साताऱ्याहून आलेले आईबाबा आतल्या खोलीत असताना हा लावलाच, तर संपल्यावर लगेच ओझूंच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर बोलायला सुरुवात करावी. तो जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही किंचित खाली. हा विषय पंधरा-वीस मिनिटं सहज पुरतो आणि तोपर्यंत आईबाबांबद्दल काही बोलायची वेळ टळलेली असते.

संपल्यानंतरच्या वागणुकीबद्दल थोडक्यात: 'संथ आहे' असं दुसऱ्याने म्हटलं तर कीव करावी. आपल्याला झोप लागली असेल तर 'मी त्यात विरघळलो' म्हणावं. 'आवडला' हा शब्द वापरूच नये.

राहिला मराठी सिनेमा. त्याची शिफारस परदेशाने केल्याशिवाय करू नये, ही आपली जुनी रीत आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसला गौरवला गेला हे आपण आजही त्यातल्या कुठल्याही दृश्याआधी सांगतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला. २०१५ मध्ये तो इथल्या चित्रपटगृहात लागला तेव्हा अभ्यासक्रमातल्या हुशार विद्यार्थ्यांनी 'बघायचाय रे' असं म्हटलं आणि तो उतरल्यावर 'आपल्याकडे चांगल्या सिनेमाला प्रेक्षकच नाही' असा लेख लिहिला. तसं पाहिलं तर सबटायटल्सच्या भीतीचा प्रश्न इथे येतच नाही. न्यायाधीश, वकील, शाहीर, कनिष्ठ कारकून, सगळे आपल्याच रस्त्यावरचे. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. दिवसभर त्यांनी ज्याला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद केला त्याच्याबद्दल त्यांच्या मनात काहीही नसतं, हे ताम्हाणे एकही शब्द न उच्चारता दाखवतात. जान दिएलमानच्या पातेल्याशी याचं नातं आहे, पण ते दाखवून देण्यासाठी आधी दोन्ही बघावे लागतात.

ज्यांना या अभ्यासक्रमात नापास व्हायचंय त्यांनी पुढीलप्रमाणे करावं. यादी पुसून टाकावी. एक माणूस निवडावा आणि त्याच्यासाठी एकच नाव: निवृत्त कारकुनाला 'इकिरू', काकूला बटाट्यांचा, मुलांना बुटांचा. आणि नव्या दिग्दर्शकाचा छोटा मराठी सिनेमा जवळच्या पडद्यावर लागला की शुक्रवार ते रविवारात तिकीट काढावं. दुपारी सव्वाबाराचा एकच खेळ असला तरी जावं. पुढच्या आठवड्यात तोही नसतो.